वाचकांचे प्रश्न: देवदास, पारो आणि न जुळलेली सोयरीक

मागील अंकात संजय लीला भन्साळी यांच्या 2002 सालच्या ‘देवदास’विषयी या सदरात थोडेसे लिहिले होते. त्यावर खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, संकेश्वर आणि खुद्द बेळगावातून पत्रे आली. बहुतेक पत्रलेखकांनी चित्रपट दूरदर्शन संचावर पुनःपुन्हा पाहिलेला असल्यामुळे प्रश्न मोठे नेमके आहेत. निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. काही पत्रे लांबली होती, ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: आमच्या भागात मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात. एका अंगणात खेळलेल्या मुलांचे लग्न जमले तर दोन्ही घरांना आनंदच होतो. देवदास आणि पारो शेजारी राहणारे, दोघेही ब्राह्मण, घरांत जाणे-येणे भरपूर. मग आडकाठी नेमकी कशाची होती? चित्रपट पाहून ती नीट उमगली नाही. (एक वाचक, खानापूर)

उत्तर: आपल्याला ती उमगली नाही यात आपला दोष नाही, कारण चित्रपटाने मूळ कारण बरेचसे बदलले आहे. भन्साळींच्या चित्रपटात पारोच्या आईचे माहेर नाचगाण्याच्या परंपरेतले दाखवले आहे आणि देवदासच्या आईला, म्हणजे जमीनदारीणबाईंना, तेच खुपते. शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या 1917 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत नाचगाण्याचा काही संबंध नाही. तेथे देवदासच्या, म्हणजे मुखर्जींच्या घरातून दोन आक्षेप निघतात आणि ते दोन्ही आपल्या सीमाभागातील वाचकाने मुद्दाम समजून घ्यावेत असे आहेत.

पहिला आक्षेप असा की, पारोचे चक्रवर्ती घराणे ‘खरेदी-विक्रीचे’ आहे, म्हणजे त्या घरात मुलीच्या लग्नात वरपक्षाकडून पैसा घेण्याची रीत आहे. आपल्याकडे खेड्यापाड्यांतून ज्याला देज किंवा द्याज म्हणत, तोच हा प्रकार. देज घेणाऱ्या घरची मुलगी आणणे त्या काळच्या बंगाली जमीनदाराला कमीपणाचे वाटे. हुंडा मोजून घेणारे घर प्रतिष्ठित आणि देज घेणारे घर हलके, हा हिशेब आपल्याकडच्या अनेक समाजांतही होऊन गेला आहे. देज घेणारी घरे हळूहळू हुंडा देणारी कशी झाली, हे आपल्या आजीला विचारले तर ती तासभर सांगेल.

दुसरा आक्षेप मला अधिक बोलका वाटतो. देवदासच्या आईला पारो आवडते, लहानपणापासून ती तिच्या घरात वावरलेली आहे, परंतु भिंतीला भिंत लागून असलेल्या घरी व्याही करायचे हे त्या घराला लाजिरवाणे वाटते. आपल्या भागात ‘ओळखीतली पोर आहे, घर बघितलेले आहे’ हे वाक्य सोयरीक जुळवताना सर्वांत वजनदार असते. तेथे तीच गोष्ट नकाराचे कारण ठरते. आपण खानापुरात बसून हा चित्रपट पाहताना जो गोंधळ होतो तो यामुळेच होतो: आपल्याकडे लहानपणची जवळीक लग्नाकडे जाणारी वाट मानली जाते, तर त्या जमीनदाराच्या घरात ती पोरवयात विसरून जायची बाब होती.

प्रश्न: मला देवदासचा रागच येतो. हातात पैसा आहे, शिक्षण आहे, मुलगी स्वतः होऊन रात्री त्याच्या खोलीत आली आहे, तरी तो कच खातो. अशा माणसाला नायक का म्हणावे? प्रेम अपूर्ण राहिले ते समाजामुळे की त्याच्यामुळे? (एक शिक्षिका, शहापूर, बेळगाव)

उत्तर: बाई, आपल्या रागाशी मी सहमत आहे आणि मला वाटते की कादंबरीकार शरदबाबूही झाले असते. आडकाठी समाजाने घातली हे खरे असले, तरी हातातली संधी देवदासने स्वतः घालवली.

कादंबरीच्या सुरुवातीला पोरवयातला एक प्रसंग आहे. देवदासने पारोकडे तीन रुपये सांभाळायला दिलेले असतात. वाटेत तीन वैष्णवी गाणे म्हणत भेटतात आणि पारो तिन्ही रुपये त्यांना देऊन टाकते. देवदासला हे कळल्यावर तो रागावत नाही, परंतु आपण दोनच रुपये दिले असते असे सांगतो आणि दोन रुपये तिघींत वाटले तर प्रत्येकीला किती आणे, किती गंडे आणि किती कवड्या आल्या असत्या याचा हिशेब तोंडी करून दाखवतो. पारो विचारते की त्या बिचाऱ्यांना तुझ्यासारखे गणित कुठे येते? सगळे देऊन मोकळी होणारी पारो आणि अपूर्णांकापर्यंत मोजत बसणारा देवदास, हे दोन स्वभाव लेखकाने येथेच मांडून ठेवले आहेत. हा प्रसंग गोड म्हणून वाचून पुढे जाणारे वाचक पुष्कळ भेटतात, परंतु पुढची सगळी कथा त्यात आहे.

आता ती रात्र पाहावी. कादंबरीतली पारो तेव्हा 13 वर्षांची आहे, हे प्रौढ नट्यांना त्या भूमिकेत पाहण्याची सवय झालेल्या आपल्याला धक्का देणारे आहे. परंतु त्या काळात त्या वयात लग्न झाले नाही तर घरच्यांची झोप उडत असे. मध्यरात्री एकटी चालत ती त्याच्या खोलीत येते आणि सरळ आपला निर्णय सांगते. त्यावर देवदासच्या मनात पहिला विचार येतो तो तुला येताना कोणी पाहिले तर नाही ना, हा. तो आई-वडिलांच्या विरोधाचे सांगतो. दुसऱ्या दिवशी वडिलांकडे विषय काढतो, वडील भडकतात आणि हा लागलीच कलकत्त्याला निघून जातो. तेथून तो पारोला पत्र लिहितो की तुझ्यावर माझे फार प्रेम होते असे मला कधी वाटले नाही. पत्र टपालात पडते आणि त्याच वेळेपासून त्याला पश्चात्ताप सुरू होतो.

तो परत येतो तेव्हा पारोचे लग्न ठरलेले असते. तळ्याच्या घाटावर ती त्याला सांगते की तुला आई-वडील आहेत तसे मलाही आहेत आणि मानअपमान काही तुझ्या एकट्याच्या घरचा नाही. हे ऐकून देवदास हातातल्या मासे पकडायच्या काठीने तिच्या कपाळावर वार करतो आणि जन्मभराची खूण ठेवतो. भन्साळींनी ही काठी काढून टाकली आणि लग्नासाठी नटलेल्या पारोवर देवदास गळ्यातल्या हाराने वार करतो असे दाखवले. माझ्या मते हा बदल चित्रपटाला महागात पडला आहे. मासे पकडायची काठी ही त्या दोघांच्या पोरवयातली वस्तू आहे. लहानपणी त्याने तिला मारले होते तेही तसेच, आणि तेव्हा तिने घरी येऊन शाळेतल्या पंतोजींनी मारले असे खोटे सांगून त्याला वाचवले होते. हाराने केलेला वार पडद्यावर शोभिवंत दिसतो, परंतु पोरवयातला मारकुटा देवदास मोठा झालाच नाही, ही गोष्ट त्यातून दिसत नाही.

तेव्हा प्रेम अपूर्ण का राहिले, याचे माझे उत्तर असे: पारो आपलीच आहे हे त्याने इतके गृहीत धरले होते की तिला मागणी घालावी लागते, तिच्यासाठी कोणाशी तरी भांडावे लागते, हे त्याला सुचलेच नाही. लहानपणच्या सोबतीचा हा धोका आहे. परक्या मुलीसाठी हाच देवदास कदाचित वडिलांशी दोन हात करून आला असता. नायक म्हणावे की नाही हे आपण ठरवा. शरदबाबूंनी त्याला कोठेही आदर्श म्हटलेले नाही.

प्रश्न: दुर्गापूजेच्या वेळी पारो आणि कोठ्यावरची नर्तकी चंद्रमुखी एकत्र नाचतात, ते मूळ पुस्तकात आहे का? (एक वाचक, चिकोडी)

उत्तर: नाही. कादंबरीत या दोघी एकमेकींना भेटतच नाहीत. बिमल रॉय यांच्या 1955 सालच्या चित्रपटात त्या फक्त एकदा रस्त्यावर समोरासमोर येतात, पारो पालखीत आणि चंद्रमुखी पायी. क्षणभर एकमेकींकडे पाहतात आणि निघून जातात, एक शब्दही होत नाही. 2002 सालच्या नृत्यासाठी सरोज खान यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता, कारण माधुरी दीक्षित आणि ऐश्वर्या राय यांच्यात कोणी उणे ठरणार नाही अशी त्याची बांधणी आहे. तरी मला विचाराल तर पालखीतली ती नजर मी अधिक मोलाची मानतो.

चंद्रमुखीबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1955 सालच्या चित्रपटात ही भूमिका वैजयंतीमाला यांनी केली होती. त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर पुरस्कार जाहीर झाला तेव्हा आपली भूमिका सुचित्रा सेन यांच्या पारोच्या बरोबरीची आहे असे सांगून त्यांनी तो स्वीकारला नाही. कादंबरी वाचल्यावर त्यांचे म्हणणे पटते. धंदा सोडून खेड्यात जाऊन राहणारी, पुन्हा कलकत्त्याला येऊन देवदासला शोधत फिरणारी आणि अखेर तो रस्त्यावर झिंगून पडलेला सापडल्यावर त्याला घरी नेऊन बरा करणारी चंद्रमुखी, त्याच्याकडून काहीही न मागता त्याच्यासाठी सर्वांत जास्त करते. अपूर्ण प्रेमाची गोष्ट म्हटले की आपण पारोचे नाव घेतो. चंद्रमुखीचे प्रेम तर सुरुवातीपासूनच पूर्ण होण्यासारखे नव्हते.

प्रश्न: या चित्रपटात आपली मराठी माणसे कोण कोण आहेत? (एक वाचक, निपाणी)

उत्तर: बरीच आहेत. चंद्रमुखी माधुरी दीक्षित, देवदासची आई स्मिता जयकर, चंद्रमुखीच्या कोठ्यावर येणारा कालीबाबू मिलिंद गुणाजी. निपाणीकरांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे असे नाव म्हणजे विजयेंद्र घाटगे. पारोचे लग्न ज्या वयस्कर, विधुर जमीनदाराशी होते, त्या भुवन चौधरीची भूमिका त्यांनी केली आहे आणि ते आपल्या शेजारच्या कागलच्या घाटगे घराण्यातले. कादंबरीतला हा नवरा चाळिशीच्या आसपासचा, लग्नाच्या वयाच्या मुलांचा बाप आहे आणि वाईट माणूस मुळीच नाही. घाटगे यांच्या चेहऱ्यावर तो खानदानी थंडपणा आपसूक आला आहे.

पडद्यामागचे सर्वांत मोठे मराठी नाव नितीन चंद्रकांत देसाई यांचे. चंद्रमुखीचा कोठा, पारोची रंगीत काचांची हवेली हे सगळे त्यांनी उभे केले आणि कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. देसाई आता आपल्यात नाहीत. 2023 साली त्यांचे निधन झाले. जाता जाता, श्रेया घोषाल यांचा हिंदी चित्रपटांतला आवाज याच चित्रपटापासून सुरू झाला आणि पहिल्याच वेळी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्या मराठी नाहीत, परंतु पुढे मराठीत इतके गायल्या की आपण त्यांना परक्या समजत नाही.

प्रश्न: माझा मुलगा कॉलेजात शिकतो. प्रेमभंग झालेल्या मित्राला त्याचे सोबती ‘आमचा देवदास’ म्हणतात आणि त्यात त्यांना मोठेपणा वाटतो. दारू पिणे म्हणजे खरे प्रेम, असे हा चित्रपट शिकवत नाही का? (एक आई, टिळकवाडी)

उत्तर: आपली काळजी रास्त आहे. 2002 सालच्या चित्रपटात दारू फार देखणी दिसते. झुंबरांचा प्रकाश, उंची वस्त्रे, टाळ्या घेणारे संवाद यांच्यामध्ये पेला हातात असलेला शाहरुख खान कॉलेजातल्या मुलाला आवडला नाही तरच नवल. रक्त ओकणारा देवदासही तेथे सुंदर प्रकाशातच ओकतो.

मात्र मूळ लेखकाचा हेतू असा नव्हता, हे मुलाला जरूर सांगा. कादंबरीच्या शेवटच्या परिच्छेदात शरदबाबू स्वतः वाचकाशी बोलतात आणि देवदासला अभागी, संयम नसलेला, पापी अशी विशेषणे लावून त्याच्यासारखा कोणी भेटला तर त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे विनवतात. मरण सगळ्यांना येते, परंतु मरताना कपाळावर मायेचा एक हात असावा, एवढेच मागणे ते मागतात. यात दया आहे, कौतुक नाही. शरदबाबूंनी ही कथा ऐन पंचविशीच्या आतबाहेर लिहिली होती आणि लिहून झाल्यावर ती बरीच वर्षे प्रसिद्धीवाचून पडून होती.

दुसरी गोष्ट मुलाला कदाचित जास्त भिडेल. हिंदीतला पहिला बोलका देवदास कुंदनलाल सैगल. प्रमथेश बरुआ यांनी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्ससाठी 1935 साली बंगालीत आणि पाठोपाठ हिंदीत हा चित्रपट केला, बंगालीत स्वतः बरुआ नायक होते आणि हिंदीत सैगल. सीमाभागातल्या जुन्या पिढीने त्यांची गाणी तोंडपाठ केली होती. हे दोघेही कलावंत प्रत्यक्ष आयुष्यात मद्याच्या आहारी गेले. सैगल 1947 साली गेले तेव्हा त्यांचे वय अवघे 42 होते आणि बरुआ पन्नाशीही गाठू शकले नाहीत. त्यांच्या मरणात झुंबरे नव्हती. आणि त्या मित्राला ‘देवदास’ म्हणण्याऐवजी त्याच्या घरी दोन दिवस जेवायला जा, असे आपल्या मुलाला सांगून पाहावे. चुन्नीलालसारखा सोबती भेटला नसता तर देवदास इतक्या लवकर बाटलीकडे वळला नसता.

प्रश्न: आजच्या मोबाइलच्या काळात अशी गोष्ट घडेल का? पत्र चुकीचे गेले असे वाटले तर लगेच फोन करता येतो. (एक विद्यार्थी, गोकाक)

उत्तर: पाठवलेला संदेश पुसण्याची सोय देवदासला असती तर तो कलकत्त्याच्या वाटेवरच पत्र पुसून मोकळा झाला असता, हे आपले म्हणणे मान्य आहे. परंतु अनुराग कश्यप यांनी 2009 साली ‘देव डी’मध्ये हीच कथा मोबाइल आणि संगणकाच्या काळात, पंजाबात नेऊन पाहिली आणि तिचा शेवटापर्यंतचा प्रवास वेगळा केला. त्यात पारो स्वतःचे छायाचित्र पाठवते, भेटायला स्वतः सायकलवरून जाते, मागे काही ठेवत नाही. आणि देव मात्र तिच्याविषयी दुसऱ्याने सांगितलेली उठवळ गोष्ट खरी मानून तिला झिडकारतो. फोन खिशात असूनही तो तिला विचारत नाही. तेव्हा टपालखात्यावर दोष ढकलण्यात अर्थ नाही.

आपल्या गोकाक-बेळगाव भागात आजही मुलगी पुण्याला नोकरीला, मुलगा बंगळूरला, आणि दोघे एकाच गल्लीत वाढलेले, अशा जोड्या आहेत. दररोज बोलणे होते, वाढदिवसाला शुभेच्छा जातात, आणि तिच्यासाठी स्थळ आल्याचे त्याला तिच्याकडूनच कळते. त्यावर तो ‘छान’ असे लिहून पाठवतो. त्या एका शब्दाला त्या कलकत्त्याच्या पत्रापेक्षा फार वेगळा अर्थ असतो असे मला वाटत नाही.

प्रश्न: तिन्ही ‘देवदास’ पाहायचे ठरवले आहे. कोणता आधी पाहावा? (एक वाचक, संकेश्वर)

उत्तर: कादंबरी आधी वाचा. ती लहान आहे, दोन बैठकांत संपते. मामा वरेरकरांनी शरदबाबूंचे पुष्कळ साहित्य मराठीत आणले, त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या वाचनालयांत शरदबाबूंचे कपाट बहुधा सापडतेच, ग्रंथपालांना विचारावे.

त्यानंतर 1955 सालचा पाहावा. दिलीपकुमार यांचा देवदास ओरडत नाही, नवेंदू घोष यांची पटकथा आणि राजिंदर सिंह बेदी यांचे संवाद कादंबरीला धरून आहेत, आणि सचिनदेव बर्मन यांच्या संगीताला साहिर लुधियानवी यांचे शब्द आहेत. बिमल रॉय हे बरुआंच्या ‘देवदास’चे छायालेखक होते, वीस वर्षे ती गोष्ट डोक्यात ठेवून त्यांनी ती पुन्हा केली आणि चित्रपट बरुआ व सैगल यांनाच अर्पण केला. हा पाहून झाल्यावर मग 1935 सालचा पाहावा. त्याची प्रत बरीच झिजलेली आहे, ध्वनीही खरखरतो, म्हणून सुरुवात त्याने केल्यास कंटाळा येण्याची भीती आहे.

2002 सालचा अखेरीस ठेवावा आणि जमल्यास मोठ्या पडद्यावर पाहावा, कारण लहान पडद्यावर देसाईंचे निम्मे काम दिसतच नाही. या चित्रपटातला देवदास शिकायला कलकत्त्याऐवजी विलायतेला जातो, पारो दहा वर्षे त्याच्या नावाचा दिवा जपते, असे अनेक बदल आहेत. कादंबरी आधी वाचलेली असल्यास ते आपल्याला स्वतःच ओळखता येतील. ‘देव डी’ घरच्या मंडळींसोबत लावू नये.